जुनी गाडी जॅकवर चढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबॅसिडर, हेराल्ड, जीप, नाहीतर ऐंशीच्या दशकातली मारुती ८०० ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न आहेत. इथे फक्त गाडी उचलण्याबद्दल लिहिलं आहे. इंजिन ऑइल कुठल्या ग्रेडचं घालावं या वादात शिरलेलो नाही. तो रविवार सकाळच्या चहासाठी राखून ठेवा.

नव्या गाडीपेक्षा जुनी गाडी उचलणं वेगळं ते काय?

मुख्य फरक गंजाचा. पद्मिनीला हे नाव १९७४ मध्ये मिळालं आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीही आता पंचविशीची. तिला वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच चॅसीचं काम करतो. त्या पत्र्याने इतके पावसाळे, त्यातून मुंबईचे किंवा कोकणातले, काढले असतील तर कंपनीने जॅकसाठी ठरवलेली जागा आज शिल्लक आहे की नाही, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वरून चकाचक रंग असलेल्या गाडीचंसुद्धा.

दुसरा फरक माणसांचा आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाड्या डोळे मिटून उचलणारे मिस्त्री त्याआधीच एकेक करून घरी बसले होते. आजच्या गॅरेजमधल्या पोराने आयुष्यात पाट्यांची, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसलेली, गाडी पाहिलेली नसते. तो सवयीने दाराखालच्या पत्र्याला जॅक लावतो आणि पत्रा आत जातो. त्याला काय बोलणार? त्याच्या जमान्यातल्या गाड्यांना जॅक तिथेच लावतात.

डिकीत गाडीबरोबर आलेला जॅक आहे. तो वापरू का?

स्टेपनी बदलण्यापुरता, तोही आधी रिकामा फिरवून बघून. स्क्रूचे आटे झिजलेत का, हँडल घसरतं का, बूड वाकडं झालंय का हे तपासा. ग्रीस वाळून दगड झालेलं असेल तर रॉकेलने धुऊन नवीन लावा. घरी करायच्या कामाला मात्र तो कुचकामी आहे. त्याचं बूड लहान, त्याला वेळ लागतो, आणि गाडी जराशी ढकलली गेली की तो कलतो.

मग घ्यायचा कुठला?

ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा हायड्रोलिक जॅक. दोन टनी पुरतो. पद्मिनी सगळी मिळून सुमारे ९०० किलोची, अँबॅसिडर अकराशे-बाराशे किलोच्या घरात, आणि आपण एका वेळी फार तर गाडीचं एक टोक उचलतो. त्यामुळे टनांचा आकडा बघून घेऊ नका, उंची बघा. दुकानातले स्वस्त, छोटे ट्रॉली जॅक साधारण १३-१४ सेंमीपासून ३३-३४ सेंमीपर्यंत उचलतात. पाट्यांच्या गाडीला अ‍ॅक्सलखाली लावला तर एवढं चालतं, कारण अ‍ॅक्सल उचलला की चाक लगेच उचललं जातं. तोच जॅक बॉडीखाली लावला की गोष्ट वेगळी. आधी पाटे किंवा स्प्रिंग सैल होत खाली लोंबतात, जॅकची निम्मी उंची त्यातच जाते, आणि दांडा मारून मारून हात दुखला तरी टायर जमिनीलाच टेकलेला राहतो. म्हणून बजेट असेल तर ४५ सेंमीच्या वर जाणारा, लांब हाताचा जॅक घ्या. तो जड असतो. पण तुम्ही तो खांद्यावर घेऊन हिंडणार नाही आहात.

जॅकच्या वाटीला रबरी पॅड नसेल तर आधी तो मिळवा. नाहीतर जुन्या टायरच्या फ्लॅपचा तुकडा कापून ठेवा. लोखंडावर लोखंड घसरतं.

बाटली जॅक स्वस्त आहे, शिवाय ताकद जास्त. तो का नको?

ताकदीचं म्हणाल तर ट्रक उचलतो. पण त्याचं बूड तळहाताएवढं आणि डोकं दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं. शिवाय मुळातच तो उंच असतो, पंक्चर झालेल्या गाडीखाली कित्येकदा शिरतच नाही. जीपसारख्या उंच गाडीला अ‍ॅक्सलखाली, सपाट जागी, खाली फळी टाकून लावलात तर चांगला चालतो. पद्मिनीच्या पत्र्याखाली लावलात तर डोकं सरळ आरपार.

जॅक चांगला मजबूत असताना स्टँड कशाला हवेत?

जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. ट्रॉली किंवा बाटली जॅकमध्ये अख्खा भार तेलावर आणि एका रबरी सीलवर उभा असतो. सील फाटायला, किंवा रिलीज व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकायला मुहूर्त लागत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. 'एकच नट राहिलाय' म्हणूनसुद्धा नाही.

स्टँडला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. जोडी घ्या, शक्यतो दोन जोड्या. पिनवाली की दात्यांची? मी पिनवालीच्या बाजूचा आहे. जाड पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, शंकेला जागा राहत नाही. दात्यांची घोडी वरखाली करायला झटपट, पण दाता पूर्ण बसलाय की कडेवर टेकलाय हे प्रत्येक वेळी वाकून बघावं लागतं. अमेरिकेत एका मोठ्या साखळी दुकानाला २०२० मध्ये असे लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण दात नीट अडकत नव्हते. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये पुढे वेल्डिंगचा दोष निघाला. तिकडे राहून जुनी गाडी जपणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या गॅरेजमधल्या घोड्यांचा मॉडेल नंबर एकदा ताडून पाहावा.

इकडे गल्लीतल्या वेल्डरकडून घोडी बनवून घेण्याची पद्धत आहे. पाइप, प्लेट, चार पाय, झालं. वेल्डर चांगला असेल तर ती चांगली होतेही. पण डोकं सपाट ठेवू देऊ नका, खाचेचं करून घ्या, म्हणजे अ‍ॅक्सल त्यात बसतो. आणि पायांना खालून आडव्या पट्ट्या जोडायला लावा, नाहीतर भार आला की पाय फाकतात.

घोड्यांऐवजी विटा किंवा चिरे चालतील?

नाही. विटेवर भार सगळीकडे सारखा येत नाही. एका कोपऱ्यावर आला की ती फुटते, आणि फुटण्याआधी सांगत नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. कोकणात आणि गोव्यात अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि हात तिकडेच जातो. जांभा भिंतीत उत्तम, गाडीखाली नको. तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, भिजला की आणखी मऊ पडतो.

लाकूड चालतं. चालतं कसलं, नीट रचलं तर उत्तम. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळयांचे तुकडे मिळाले तर सोडू नका. फूटभर लांबीचे तुकडे, आडवे ठेवून, एक थर एका दिशेला, पुढचा त्याला काटकोनात, असे रचायचे. लाकूड तुटायच्या आधी करकरतं, दबतं, चिरा दाखवतं. तेवढ्यात माणूस बाहेर येतो. एकावर एक उभे गुटके रचून मनोरा मात्र करू नका.

पद्मिनीला जॅक नेमका कुठे लावायचा?

मागून सुरुवात करू, कारण मागे सोपं आहे. मागचा अ‍ॅक्सल सलग, त्यावर पाटे यू-बोल्टने आवळलेले. एकच चाक काढायचं तर जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या प्लेटला लागून. लावण्याआधी बॅटरी मारून एकदा बघा: ब्रेकची बारीक नळी अ‍ॅक्सलवरूनच गेलेली असते, जवळपास हँडब्रेकची केबलही असते. ती वाटीत चिमटली की गाडी छान उचलली जाते, ब्रेक मात्र जातात.

दोन्ही मागची चाकं एकदम उचलायची तर जॅक मधल्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरन्शिअलच्या हाउसिंगखाली. ड्रेन प्लगवर नाही, मागच्या पातळ झाकणाच्या कडेवर नाही. जाड धातूवर, मध्ये रबर ठेवून. मग घोड्या दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलखाली, पाट्यांच्या जवळ. झटपट म्हणतात ते हेच: एकदा उचलायचं, दोन घोड्या सरकवायच्या, एकदा टेकवायचं.

पुढे आडवा मेंबर आहे, ज्यावर सस्पेन्शन बसलंय. त्याच्या मध्यावर जॅक, आणि घोड्या लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आतल्या टोकाजवळ किंवा मेंबरच्या दोन टोकांना. ऑइल सम्प, म्हणजे इंजिनखालची तेलाची परात, मेंबरच्या जवळ असतो. घाईत जॅक एक वीत मागे गेला तर सम्पचा पत्रा पिचकतो, आणि मग आतला ऑइल पंप काय खेचेल ते त्याचं तोच जाणे.

आणि अँबॅसिडर?

मागे तोच हिशेब, पाटे आणि सलग अ‍ॅक्सल. पुढे मात्र कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहेत: लोअर आर्मपासून मागे गेलेल्या लांब पोलादी सळया. ऐसपैस, सरळ आणि हाताशी असल्यामुळे नवख्याला त्या जॅक लावायला खास बनवल्यासारख्या वाटतात. त्यांना हात लावायचा नाही. त्या स्प्रिंग आहेत, पिळल्या जाण्यासाठी बनवलेल्या. मधोमध वाकवल्या की गेल्या. जॅक पुढच्या आडव्या मेंबरखाली किंवा, एकच चाक काढायचं असेल तर, लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली.

हेराल्ड, बीटल, जीप यांचं काही वेगळं?

हेराल्डला खरी चॅसी आहे, ही मोठी सोय. मधल्या मुख्य रेलखाली लावा. बाजूला फुटलेले बारीक हात गंजून पोकळ झालेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. मागे स्विंग अ‍ॅक्सल (आतल्या टोकाशी बिजागरीसारखा झुलणारा) असल्याने गाडी उचलली की मागची चाकं खालून आत वळतात, आणि खाली ठेवल्यावरही तशीच फेंगडी राहतात. घाबरून गॅरेजला फोन करू नका. गाडी दहा-पंधरा फूट पुढेमागे केली की चाकं आपोआप सरळ बसतात. जुन्या बीटलचंही तसंच. बीटलला दाराखाली जॅकसाठी चौकोनी नळ्या दिलेल्या आहेत. त्या आत किती सडल्यात हे पाहिल्याशिवाय त्यांत जॅकचा हात घालू नये.

जीप सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत फसवी. सोपी कारण खाली सगळं जाडजूड. फसवी का, ते हँडब्रेकच्या प्रश्नात येतंय.

गंज किती आहे हे उचलण्याआधी कसं कळेल?

स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या मुठीने दाराखालचा पत्रा वीत-वीत अंतरावर ठोकत जा. निरोगी पत्रा टणटणीत वाजतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे आवाज बसका येतो, थप्प. आता तिथेच फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावा. ते घसरून पडलं तर खाली पत्रा नाही, पुट्टीच आहे. मग टोक वापरायचं: जिथे जॅक लावणार तिथे अंगठ्याच्या जोराने टोचून बघा. टोक आत गेलं, किंवा तपकिरी भुगा पडला, तर ती जागा बाद. अंडरकोटिंगचा काळा थर जाड असेल तर तो खरवडून बघा. गंज लपवायला याहून स्वस्त पडदा नाही, आणि विकायला काढलेल्या गाडीवर तो नेहमी ताजा असतो.

पत्रा बाद निघाला तरी गाडी उचलता येते. अ‍ॅक्सल, आडवा मेंबर, पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक बॉडीला टांगणाऱ्या कड्या) जिथे बसतात ते जाड भाग बहुतेक वेळा शाबूत असतात. पण शॅकलभोवतीचा पत्राच सडला असेल तर जॅक बाजूला ठेवा आणि आधी वेल्डर गाठा. तशी गाडी चालवणंही धोक्याचं आहे.

हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. एवढं पुरे ना?

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत गिअर टाकला की इंजिन प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याला, धरतं. पण शाफ्ट आणि चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल आहे, जो दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असतील तोवर गाडी जागची हलत नाही. एक चाक हवेत गेलं की ते मोकळं उलटं फिरू शकतं, आणि मग जमिनीवरचं दुसरं चाकही फिरू शकतं. शाफ्ट जागच्या जागी, गाडी मात्र चालू लागली. म्हणजे मागचं एक चाक उचललं त्या क्षणी गिअरचा उपयोग संपला.

हँडब्रेक मागच्या दोन्ही ड्रमवर असेल तर जमिनीवरचं चाक धरलेलं राहतं, बरं आहे. पण विलीज जीप आणि त्यावरून इथे बनलेल्या जुन्या जीप, तसंच सीरिज लँड रोव्हर, यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. तिथे गिअरचं जे झालं तेच हँडब्रेकचंही होतं. मागचं एक चाक उचला, पूर्ण ओढलेल्या हँडब्रेकसकट जीप उतारावरून निघते. जीपवाल्यांनी हे एकदा सपाट अंगणात मुद्दाम करून पाहावं. जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे वीतभर अंतरावर दगड ठेवायचे, मागचं एक चाक जेमतेम उचलायचं आणि बाजूला उभं राहून गाडी पुढेमागे हलकेच ढकलायची. मग आयुष्यभर विसरायला होत नाही.

मारुती ८०० मध्ये सगळं उलट. पुढची चाकं उचलली तर मागचा हँडब्रेक धरून ठेवतो. मागची उचलली तर हँडब्रेक हवेत, त्याचा शून्य उपयोग, आणि सगळी मदार गिअरवर.

म्हणून कुठलीही गाडी असो, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून पाचर लावायची. लाकडाची तिरकी पाचर सगळ्यांत चांगली, टायरच्या आत घट्ट बसते. रस्त्याकडेचा दगड घ्यायचाच तर कोनेरी घ्या, गोटा नको.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. घरी अंगणात शहाबादी फरशी. चालेल?

ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. त्यामुळे गाडी उचलली जात असताना जॅकला स्वतःला थोडं पुढे सरकावं लागतं, त्यासाठीच त्याला चाकं आहेत. कोब्यावर तो सरकतो. पेव्हरच्या फटीत, खडीत किंवा मातीत त्याची चाकं रुततात. मग जॅक जागच्या जागी आणि गाडी त्याच्याकडे ओढली जाते, वाटी हळूहळू कडेला येते. खाली वाकून पाहणाऱ्यालाच हे दिसतं. म्हणून दांडा मारताना दर चार-पाच वेळा थांबून वाटीकडे बघा.

उपाय साधा: १८-२० मिमीच्या प्लायवूडचा मोठा तुकडा, ज्यावर जॅकची चारही चाकं मावतील आणि पुढे टीचभर जागा उरेल. घोड्यांच्या पायांखालीही असेच तुकडे. मे महिन्यात डांबरावर तर हवेतच, नाहीतर घोडीचे पाय डांबरात उतरतात.

शहाबादी फरशी खालून भरीव असेल तर ठीक. मुठीने वाजवून बघा. पोकळ वाजली, किंवा उंदरांनी खालची माती काढलेली असेल, तर ती घोडीच्या एका पायाखाली तडकते. अशा ठिकाणी प्लायवूड नव्हे, जागाच बदला. उतारावर उचलू नका, मग तो गटाराकडे दिलेला 'किंचित' उतार का असेना.

चारही चाकं हवेत हवी असतील तर क्रम काय?

पुढचं आधी, हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर. मागची चाकं पाचर लावून पक्की, पुढचं टोक उचलून घोड्या सगळ्यात खालच्या खाचेवर. मग मागचं टोक, तेही खालच्या खाचेवर. आणखी उंची हवी असेल तर पुन्हा पुढे एक खाच, मागे एक खाच. एकदम पुढे पूर्ण उंचीवर नेऊन मागून उचलायला गेलात तर गाडी पुढच्या घोड्यांवर कलते आणि घोडीचे दोन पाय जमिनीवरून सुटतात. मागचं उचलताना एखाद्या माणसाला पुढच्या घोड्यांवर नजर ठेवायला उभं करा. मोबाइल खिशात ठेवून.

टाकी काठोकाठ भरली असेल तर पुढचं टोक फार उंच करू नका. जुन्या झाकणांतून पेट्रोल पाझरतं.

खाली शिरण्याआधी शेवटची गोष्ट: गाडीला कमरेने ढकला. दोन्ही बाजूंनी, पुढून-मागून, चांगला जोर लावून. पडायची असेल तर आत्ताच पडू दे. आणि काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी तेवढी जागा उरते.

फक्त ऑइल बदलायचंय. एवढा खटाटोप करायचाच का?

नाही. ज्याला चाक काढायचं नाही त्याने जॅकला हातच लावू नये. दोन इंच जाडीच्या, फूटभर रुंदीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या एकमेकींवर स्क्रूने जोडून दोन रॅम्प करा, सहा-आठ इंच उंचीचे, शेवटी चाक अडायला आडवी पट्टी. पुढची चाकं चढवा, हँडब्रेक ओढा, मागे पाचर. झालं. गाडीचा भार टायरवर, सस्पेन्शन आपल्या जागी, पत्र्याला स्पर्श नाही. जुन्या गाडीसाठी याहून सुरक्षित आणि झटपट दुसरं काही मला माहीत नाही. मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्या रॅम्पवर शहाण्यासारख्या चढतात. मारुती कधीकधी रॅम्पच मागे भिरकावते, तेव्हा खाली रबरी मॅट टाका.

जवळच्या गॅरेजमध्ये खड्डा आहे. तो बरा की लिफ्ट?

खड्डा बरा, एका अटीवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतून थेंबभर पेट्रोल कुठून ना कुठून गळतंच. खड्ड्यात बिडी नको आणि वायर सोललेला बल्ब तर नकोच. एलईडी बॅटरी वापरा, उतरण्याआधी पंखा लावून थोडा वेळ हवा खेळू द्या.

लिफ्ट दोन खांबांची असेल तर तिचे चार हात गाडीला दाराखालून उचलतात. चांगल्या पत्र्याच्या गाडीला चालतं, पण हात कुठे लावायचे ते तुम्ही स्वतः उभं राहून दाखवा. गंजाची शंका असेल तर चार खांबांची, चाकांखाली पट्ट्या असलेली लिफ्ट असलेलं गॅरेज शोधा.

एक्झॉस्टने फुगणारा फुगा, बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक: हे घ्यावेत का?

फुग्याचा शोध वाळूत रुतलेल्या गाड्यांसाठी बरा आहे. पण आपल्या गाड्यांचा सायलेन्सर तीन ठिकाणी फुटका असतो, फुगा फुगायचा कुठून? शिवाय खालून गंजलेल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. इलेक्ट्रिक जॅक बरीच वीज खेचतो. जुन्या वायरिंगच्या लायटर सॉकेटवर तो लावू नका, थेट बॅटरीला जोडा. आणि तो शेवटी कात्री जॅकच आहे, डिकीतल्या जॅकचे सगळे दोष त्यालाही.

ट्रॉली जॅक उचलून ठेवला की हळूहळू बसतो. तेल घालू?

आधी रिलीज व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का बघा. मग हवा काढा: व्हॉल्व्ह उघडा, रिकाम्या जॅकचा दांडा दहा-पंधरा वेळा मारा, बंद करा. तरी बसत असेल तर सील गेलं. किट मिळतं, बदलणं अवघड नाही. तेल कमी असेल तर जॅकचं हायड्रोलिक ऑइल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतली सीलं फुगून जातात. दुकानदार 'सगळं सारखंच' म्हणाला तरी नको.

गाडी सहा महिने वापरायची नाही. उचलून ठेवू का?

टायर वाचवायला लोक उचलतात. तेवढ्यासाठी टायरमध्ये हवा थोडी वाढवून, महिन्यातून एकदा गाडी वितभर पुढेमागे केली तरी भागतं. उचलायचीच तर घोड्या अ‍ॅक्सलखाली आणि लोअर आर्मखाली लावा, बॉडीखाली नाही. बॉडीखाली लावल्या की पाटे आणि आर्म महिनोन् महिने लोंबकळत राहतात आणि जुने रबरी बुश ताणून चिरतात. मुलं परदेशी, गाडी गावच्या वाड्यात, किल्ली शेजाऱ्यांकडे, असा मामला असेल तर शेजाऱ्यांना एवढं सांगून ठेवा की घोड्यांवरच्या गाडीखाली मुलांना लपंडाव खेळू देऊ नका. पावसाळ्यानंतर घोड्यांखालची जमीन खचली नाही ना, हेही त्यांनाच बघायला सांगा.

रस्त्यात पंक्चर झालं तर एवढं सगळं कुठून आणायचं?

एवढं सगळं नको. डिकीत एक फूटभर प्लायवूड, दोन पाचरी आणि लांब दांड्याचा पाना एवढं कायम ठेवा. सपाट जागा मिळेपर्यंत हळूहळू गाडी चालवत न्या. टायर फाटला तर फाटला. पार्किंग लाइट, त्रिकोण. पाचरी आधी, नट ढिले करणं मग, जॅक त्यानंतर. नट हवेत ढिले करायला गेलात तर गाडी जॅकवरून ढकलली जाते. स्टेपनी आधी दाराखाली सरकवा, पंक्चर झालेलं चाक निघालं की त्याच्या जागी ते सरकवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. रस्त्याच्या बाजूचं चाक असेल आणि मागून ट्रक येत असतील, तर टोइंगवाल्याला फोन करा.

गाडी खाली घेताना काय सांभाळायचं?

आधी खालून सगळं बाहेर काढा: पाने, दिवा, कुत्रा. घोड्या निघतील एवढीच गाडी वर उचला. रिलीज व्हॉल्व्ह केसभर फिरवा, झटकन नाही. जुन्या जॅकचे व्हॉल्व्ह एका ठिकाणापर्यंत काहीच करत नाहीत आणि मग धाडकन सोडतात, ती जागा आपल्या जॅकची कुठे आहे ते रिकामा असताना शोधून ठेवा. नट शेवटचे आवळायचे ते चाक जमिनीवर आल्यावर, समोरासमोरचे एकाआड एक. आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा, विशेषतः चाकं नव्याने रंगवलेली असतील तर. नटाखालचा रंग दबतो आणि नट ढिले पडतात.